मांसल वनस्पतींवरील पिठ्या ढेकूण व कोचिनील कीटक : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. घोड व भीमा या नद्यांकाठचा बागायती पट्टा वगळला, तर तेथील हलक्या जमिनीवर पेशींत पाणी साठवून तग धरणाऱ्या मांसल वनस्पती सहज आढळतात. बांधावरचा शेर, कुंपणाचा फड्या निवडुंग आणि दारच्या कुंडीतील कोरफड ही त्यांची परिचित उदाहरणे होत. अशा झाडांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागताच ‘कीड लागली’ एवढेच म्हणून औषध फवारले जाते. परंतु तो कापूस कोणत्या कीटकाचा आहे हे ठरविल्यावाचून उपाय ठरविणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य नव्हे.

हे पांढरे आवरण दोन भिन्न कुलांतील कीटक निर्माण करतात. पहिला पिठ्या ढेकूण. तो बहुभक्षी असून कोरफड, जेड, निवडुंग यांच्याप्रमाणेच सीताफळ व द्राक्ष यांसारख्या फळझाडांवरही त्याच्या जाती आढळतात. दुसरा कोचिनील कीटक, म्हणजे डॅक्टिलोपियस. हा केवळ निवडुंगाच्या, म्हणजे कॅक्टस कुलातील वनस्पतींवर जगतो. शेर व तीनधारी निवडुंग बोलीभाषेत निवडुंगाच्या जवळचे वाटले, तरी ते एरंड कुलातील आहेत. यास्तव कोचिनील त्यांना शिवत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. पुंजका काडीने चिरडला असता गडद किरमिजी रंग उमटला, तर तो कोचिनील होय. हा रंग कार्मिनिक आम्लाचा असून तो कीटकाचे मुंग्यादी भक्षकांपासून रक्षण करतो.

याच रंगामुळे हा कीटक हिंदुस्थानात आला. 1795 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या रंगव्यापारासाठी ब्राझीलहून तो बंगालमध्ये आणण्यात आला. उत्तम रंग देणारी जाती समजून आणलेला हा कीटक प्रत्यक्षात डॅक्टिलोपियस सिलोनिकस ही दुय्यम जाती ठरला. रंगाचा व्यवसाय साधला नाही. मात्र ओपन्शियाची एक जाती त्याने मोठ्या प्रमाणावर नष्ट केली. तणाचा कीटकाकरवी झालेल्या नियंत्रणाचे हे जगातील पहिल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. ओपन्शियाच्या इतर जातींवर मात्र या कीटकाचा प्रभाव पडला नाही. त्या गावकुसाभोवती, बांधांवर व गायरानांत माजत राहिल्या. पुढे 1926 साली श्रीलंकेतून डॅक्टिलोपियस ओपन्शिई ही दुसरी जाती दक्षिण भारतात आणली गेली व तिने अल्पावधीत विस्तीर्ण क्षेत्र मोकळे केले. एकच कुल, परंतु जातीगणिक यजमान वनस्पती वेगळी, हा या इतिहासाचा मुख्य धडा आहे.

दोन्ही कीटकांच्या जीवनक्रमात नियंत्रणाचे मर्म दडलेले आहे. प्रौढ मादी पंखहीन असते; कोचिनीलची मादी तर एकाच जागी सोंड रोवून आयुष्य काढते. मेणाच्या आवरणामुळे तिच्या अंगावर पाणी ठरत नाही. म्हणून वरवरची फवारणी निष्फळ होते. अंड्यांतून निघालेली पिले मात्र आरंभी जवळजवळ उघडी व चळवळी असतात, वाऱ्याने दूर जातात, आणि हीच अवस्था सर्वांत दुबळी होय. पिठ्या ढेकणाची मादी कापसासारख्या थैलीत शेकडो अंडी घालते. त्यामुळे एकदा केलेला उपाय कधीच पुरेसा होत नाही. तो दर सात ते दहा दिवसांनी, किमान तीन-चार वेळा करावा लागतो.

कुंडीतील झाडापुरता विचार करता क्रम असा ठेवावा. बाधित कुंडी प्रथम इतरांपासून दूर करावी. दिसणारे पुंजके सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पुसावेत. नंतर सौम्य साबणाचे पातळ द्रावण पानांच्या बेचक्यांत पोहोचेल असे, सायंकाळी लावावे. उन्हात लावल्यास पाने भाजतात. पानांवर नैसर्गिक पांढरी लव असणाऱ्या जातींना साबण व तेल अपायकारक असल्याने आधी एका पानावर चाचणी घ्यावी. झाड कारणाविना सुकत असल्यास ते उपटून मुळे पाहावीत, कारण पिठ्या ढेकणाच्या काही जाती मुळांवर वसतात. अशा वेळी माती टाकून द्यावी व मुळे धुऊन, वाळवून झाड नव्या मातीत लावावे. अतिरिक्त पाणी व नत्रखत यांनी येणारी कोवळी वाढ किडीस पोषक असते. क्रिप्टोलिमस हा भुंगेरा पिठ्या ढेकणांचा भक्षक असून तो 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याच्या अळ्या स्वतःच पांढऱ्या, मेणकट दिसतात. किडीच्या भ्रमाने त्यांना मारू नये.

आता प्रश्न कुंडीपुरता राहिलेला नाही. अवर्षणप्रवण भागासाठी काटेरहित निवडुंग, म्हणजे ओपन्शिया फिकस-इंडिका, चारापीक म्हणून पुढे येत आहे. याच वनस्पतीवर डॅक्टिलोपियस ओपन्शिई ही जाती जगते. मोरोक्कोमध्ये ती 2014 साली आढळली आणि पुढील काही वर्षांत तेथील निवडुंगाच्या लागवडी मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाल्या. ज्या कीटकाने एकेकाळी शेतकऱ्याची जमीन तणमुक्त केली, तोच उद्या उन्हाळ्यात त्याच्या जनावरांचा चारा हिरावून घेऊ शकतो. यास्तव शिरूर-दौंड पट्ट्यात लागवडीचा विचार करताना रोपाची पाने किडीच्या दृष्टीने तपासून, काही आठवडे वेगळी ठेवूनच लावणे, बांधावर उरलेल्या फड्याचे सर्वेक्षण करणे आणि शोभेसाठी आणलेल्या कॅक्टसच्या कुंड्यांवर लक्ष ठेवणे, या तीन गोष्टी आवश्यक ठरतात.

कीटकास मित्र वा शत्रू म्हणणे हे त्याच्या यजमान वनस्पतीच्या उपयुक्ततेवर अवलंबून असते. कीटकाच्या स्वभावावर नव्हे. म्हणूनच जातीची अचूक ओळख ही नियंत्रणाची पहिली पायरी होय, आणि ती कुंडीपासून माळापर्यंत सारखीच लागू पडते.