‘आम्ही’ आणि ‘आपण’ : विद्यार्थ्याच्या दृक्‌श्राव्य दैनंदिनीची भाषा

प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही’ हे ऐकणाऱ्याला वगळते, तर ‘आपण’ हे त्याला सामावून घेते. ‘आम्ही जेवायला चाललो’ असे म्हणणारा निरोप घेत असतो. ‘आपण जेवायला चाललो’ असे म्हणणारा बरोबर नेत असतो. गुजरातीतील ‘अमे’ व ‘आपणे’ आणि तमिळमधील ‘नाङ्गळ्’ व ‘नाम्’ या जोड्यांतही हाच भेद आहे. प्रमाण हिंदीतील ‘हम’ किंवा इंग्रजीतील ‘वी’ यांच्या ठिकाणी तो नाही. व्याकरणाच्या पुस्तकात चार ओळींत आटोपणारा हा भेद विद्यार्थ्यांच्या हाती आलेल्या एका नव्या माध्यमात मात्र फार महत्त्वाचा ठरतो. ते माध्यम म्हणजे ‘व्लॉग’, अर्थात दृक्‌श्राव्य दैनंदिनी.

या भेदाच्या परीक्षणास पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका विशेष सोयीचा आहे. या तालुक्यातील लवळे येथे सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचे विस्तीर्ण संकुल व फ्लेम विद्यापीठ अशी दोन विद्यापीठे आहेत. तेथे निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येतात आणि अध्यापन इंग्रजीतून चालते. संकुलाच्या फाटकाबाहेर पडताच मात्र मावळी वळणाची ग्रामीण मराठी कानी येते. या दोन भाषाविश्वांमधील ये-जा विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यात आपोआप टिपली जाते.

विद्यार्थ्यांची माध्यमे ही काही नवी गोष्ट नव्हे. भित्तिपत्रके आणि महाविद्यालयांचे वार्षिक अंक यांची परंपरा जुनीच आहे. त्यांत नभोवाणीची भर अलीकडे पडली. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना समाज-रेडिओ केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली आणि २००४ साली चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे केंद्रही याच प्रकारातले. २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत, अशी अपेक्षा आहे. अशा केंद्रात विद्यार्थी संहिता लिहितो, ती कोणीतरी तपासतो, आणि वेळेचे बंधन पाळून ती वाचली जाते. बोलणाऱ्याच्या पाठीशी संस्था उभी असते. म्हणूनच या माध्यमाचे स्वाभाविक सर्वनाम ‘आम्ही’ हे होय : ‘आम्ही सादर करीत आहोत.’

व्लॉगची घडण याहून वेगळी आहे. यूट्यूबवरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी प्रसिद्ध झाली. ती अवघ्या १९ सेकंदांची होती आणि तीत एक तरुण प्राणिसंग्रहालयातील हत्तींपुढे उभा राहून सहज बोलतो, एवढेच होते. भारतात २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि हा प्रकार वसतिगृहाच्या खोलीपर्यंत पोहोचला. यात वक्ता, छायाचित्रकार, संपादक आणि प्रकाशक ही चारही कामे एकच विद्यार्थी करतो. त्याच्यामागे संस्था नसते व समोर श्रोताही नसतो. असते ती केवळ काच.

नवशिक्याची पहिली अडचण येथेच उद्‌भवते. मित्रांशी सहज बोलणारा विद्यार्थी कॅमेरा सुरू होताच ‘नमस्कार, मी आज आपणांस सांगू इच्छितो’ अशी भाषणाची मराठी बोलू लागतो. त्याच्या कानांना सार्वजनिक बोलण्याचा तेवढाच नमुना परिचित असतो. काही दिवसांनी तो पुस्तकी थाट गळतो आणि ‘तर मंडळी, आज आपण चाललोय ताम्हिणीला’ असे वाक्य येते. ‘मंडळी’ हे संबोधन अनेकांना उद्देशून आहे. पण ‘आपण’मुळे प्रत्येक प्रेक्षकाला एकट्यालाच सोबत घेतल्यासारखे वाटते. पाहणारा दूर सोलापुरात वा सिंगापुरात असला, तरी व्याकरणाने तो प्रवासात सामील झालेला असतो. मराठी व्लॉगच्या जिव्हाळ्याचे बरेचसे रहस्य या एका सर्वनामात आहे.

परंतु सामावून घेणारा शब्दच कधी कधी कोणाला तरी बाहेर ठेवतो. मुळशीच्या जलाशयाचे उदाहरण घेता येईल. पावसाळ्यात त्याच्या काठी चित्रण करणाऱ्या तरुणांची गर्दी होते. ‘आपण आता सुंदर लेकपाशी आलोय’ हे वाक्य निर्दोष वाटते. मात्र हे पाणी निसर्गाने साठविलेले नाही. मुंबईस वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधण्याचे योजिले, आणि जमिनी जाणार म्हणून मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे अग्रणी होते. तो १९२४ च्या सुमारास मावळला, धरण पूर्ण झाले, आणि गावे पाण्याखाली गेली. बाहेरचा ज्याला ‘लेक’ म्हणतो त्यालाच गावकरी ‘धरण’ म्हणतो. आणि नैसर्गिक वाटणाऱ्या देखाव्यामागील मानवी कृती त्या शब्दात शिल्लक राहते.

आता एखाद्या आजीने कॅमेऱ्यापुढे ‘आमचं गाव पान्याखाली गेलं’ असे म्हटले, अशी कल्पना करावी. येथील ‘आमचं’ हे वगळणारे सर्वनाम आहे. ते विद्यार्थ्याला वगळते, प्रेक्षकालाही वगळते. आणि हे वगळणे यथार्थच आहे, कारण गाव त्यांचे नव्हतेच. विद्यार्थ्याने निवेदनात ‘आपलं एक गाव पाण्याखाली गेलं’ असे म्हटल्यास सहानुभूती दिसेल, पण हानी कोणाची झाली हे पुसट होईल. उलट, आजीचा ‘आम्ही’ तसाच ठेवून ‘त्यांचं गाव’ असे म्हटल्यास वाक्य थंड वाटले तरी खरे राहते.

उच्चाराचेही तसेच आहे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘होतं’ऐवजी ‘व्हतं’ ही रूपे अशुद्ध नव्हेत. ती नियमबद्ध बोलीची रूपे होत. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८ च्या चित्रपटाने जमीन विकून बसलेल्या शेतकरी कुटुंबाची कथा सांगितली आणि तालुक्याचे नाव सर्वतोमुखी केले. मात्र पात्रांच्या दरडावणीची नक्कल करणे सोपे असते. त्या बोलीत कोणी पिकांविषयी वा पावसाविषयी जाणतेपणाने बोलतो, हे ऐकण्यास सवड लागते. चित्रफितीची गती वाढावी म्हणून बोलण्यातील विराम व ‘म्हंजी’सारखे शब्द कापले जातात. त्यामुळे आठवणीत चाचपडणारा माणूस एकतर झटपट उत्तरे देणारा वाटतो, नाहीतर विनोदी.

तालुक्यातूनच आलेल्या विद्यार्थ्यापुढील प्रश्न अधिक बिकट असतो. संकुलाच्या नभोवाणीवर त्याचा ‘आम्ही’ म्हणजे संस्था, घरी त्याचा ‘आम्ही’ म्हणजे गाव, आणि व्लॉगमध्ये ‘आपण’ म्हणजे अनोळखी जग. एकाच दिवसात तो तिन्ही बोलतो. घरची बोली कॅमेऱ्यापुढे आणावी, तर वर्गमित्र हसतील अशी धास्ती. न आणावी, तर आपल्याच आजीपुढे तो पाहुण्यासारखा दिसतो. या निवडीवर बोलीचे पुढील पिढीतील स्थान काही अंशी अवलंबून आहे.

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बोलींचे नमुने पुष्कळसे एकाच बायबलकथेच्या भाषांतरातून मिळविलेले होते. आज एखाद्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये त्याहून जिवंत सामग्री अनायासे साठते. ती अभ्यासोपयोगी व्हावी यासाठी फारसा खटाटोप नको : बोलणाऱ्याची संमती, गावाचे नाव, तारीख, आणि न कापलेली मूळ फीत जपून ठेवणे, एवढे पुरे. सारांश, नव्या माध्यमाने विद्यार्थ्याला ‘आपण’ म्हणण्याची मोठी शक्ती दिली आहे. समोरच्या माणसाचा ‘आम्ही’ केव्हा अबाधित ठेवावा, हे ज्याला उमगले, त्याची दैनंदिनी करमणुकीपलीकडे जाऊन पुरावा ठरते.