थंड मोटार बंद कां पडते ?

पौष महिन्यांत नांदेड-लातूरकडे पहाटे गारठा असतो. अशा वेळीं पेट्रोलची मोटार सुरू होतांच बंद पडली, तर बॅटरीस दोष देऊं नये. इंजिन फिरलें, म्हणजे बॅटरीनें आपलें काम केलें. पेट्रोल द्रवरूपानें जळत नाहीं. त्याची वाफ जळते. गारठ्यांत वाफ थोडी होते, म्हणून पेट्रोल अधिक लागतें. पूर्वी त्यासाठीं ‘चोक’ ओढून हवा कमी करीत. आतां सेन्सर इंजिनाच्या पाण्याचें तपमान मोजतो व तदनुसार संगणक पेट्रोल वाढवितो. तापल्यावर तीच मोटार नीट चालत असेल, तर प्रथम हा सेन्सर, मग हवेच्या मार्गांतील काजळी व गळती तपासावी.

मित्रहो, दारें लावलेल्या गॅरेजमध्यें इंजिन कदापि चालवूं नये; धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि तो प्राण घेतो.