रोझारितो ते रॉटरडॅम

हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन याने 16 जानेवारी 1980 रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता पॉला इथे बार्बरा मिंटीशी लग्न केलं. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबरात, त्याला मेसोथेलिओमा झाल्याचं निदान झालं होतं. फुप्फुसाच्या आवरणाचा हा कॅन्सर बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होतो. तंतू श्वासावाटे आत जातात आणि रोग वर यायला वीस ते चाळीस वर्षं लागतात. मॅक्वीनने तरुणपणी अमेरिकी मरीन दलात असताना जहाजातल्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचं काम केलं होतं. शस्त्रक्रिया शक्य नाही, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सांगितलं. जुलैमध्ये मॅक्वीन सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या रोझारितो बीच इथल्या दवाखान्यात दाखल झाला. बार्बरा सोबत होती.

तिथला उपचार विल्यम केली नावाच्या माणसाने आखलेला होता. केली मूळचा दातांचा डॉक्टर, आणि टेक्सासमध्ये त्याचा परवाना निलंबित झालेला. त्याच्या उपचारात कॉफीचा एनिमा होता, जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा मारा होता, गुरामेंढ्यांच्या पेशींची इंजेक्शनं होती आणि लॅट्रिल होतं. ऑक्टोबरात मॅक्वीनने मेक्सिकोच्या जनतेचे जाहीर आभार मानले. 7 नोव्हेंबरला ह्वारेझ शहरात गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच तो गेला. वय 50. लग्नाला दहा महिनेही झाले नव्हते.

या माणसाला मी मूर्ख म्हणणार नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे त्याला द्यायला काहीच नव्हतं. नवा संसार समोर असताना ‘आता काही करता येणार नाही’ हे वाक्य कोण गुमान ऐकून घेईल? माझा राग आहे तो त्या दवाखान्यावर, कारण त्याने सिद्ध न झालेला उपचार दिला आणि प्रयोगात जे करावं लागतं ते मात्र केलंच नाही. किती जण आले, किती बरे झाले, किती गेले, कोणाला काय अपाय झाला, याचा तपासता येईल असा हिशेब तिथून बाहेर आला नाही.

लॅट्रिलचा हिशेब शेवटी दुसऱ्यांनीच मांडला. जर्दाळूच्या बियांमधल्या अमिग्डॅलिनपासून हे द्रव्य मिळवतात आणि शरीरात त्यातून सायनाइड सुटतं. अमेरिकेत त्यासाठी मोठी चळवळ उभी राहिली होती. मेयो क्लिनिकचे चार्ल्स मोर्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 178 रुग्णांना काळजीपूर्वक देऊन पाहिलं आणि 1982 साली निष्कर्ष छापले. सांगण्यासारखा फायदा झाला नव्हता, आणि काही रुग्णांच्या रक्तात सायनाइड प्राणघातक पातळीच्या जवळ पोहोचलं होतं.

मोर्टेल यांचा खास अभ्यास होता तो कार्सिनॉइड गाठींचा. हे नाव म्युनिकच्या सिगफ्रीड ओबरनडॉर्फर यांनी 1907 साली दिलं. आज या गाठी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या मोठ्या कुटुंबात मोजल्या जातात. आतडं, स्वादुपिंड, फुप्फुस अशा ठिकाणी विखुरलेल्या, संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींमधून त्या उद्भवतात. आपल्याकडे अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते मार्च 2018 मध्ये, इरफान खानने आपला आजार जाहीर केला तेव्हा. तोही उपचारांसाठी लंडनला गेला होता.

याच आजाराच्या अमेरिकी रुग्णांनी त्याआधी वर्षानुवर्षं अटलांटिक ओलांडला, रॉटरडॅम आणि बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयांकडे. तिथे मिळणारा किरणोत्सर्गी औषधाचा उपचार त्यांच्याही देशात मान्य नव्हता. विमा कंपनी हात वर करायची, खर्च स्वतःचा स्वतः करायचा. वरवर पाहता रोझारितोसारखाच प्रवास. फरक शोधायचा तर आधी उपचार समजून घ्यायला हवा.

सुरुवात 1973 ची. कॅलिफोर्नियाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक वेगळं केलं गेलं. इतर संप्रेरकांना आवर घालणं हे त्याचं काम. औषध म्हणून ते निरुपयोगी, कारण रक्तात दोन-तीन मिनिटांतच त्याचं प्रमाण निम्मं होतं. बाझेलच्या सँडोझ कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्याचे 14 अमिनो आम्लांचे दुवे आठावर आणले आणि टिकाऊ ऑक्ट्रिओटाइड तयार झालं. अनेक न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन पकडणारे रिसेप्टर भरपूर असतात. रॉटरडॅमच्या एरिक क्रेनिंग आणि स्टीव्हन लॅम्बर्ट्स यांच्या गटाने 1989 साली या रेणूला किरणोत्सर्गी आयोडीन जोडलं, आणि कॅमेऱ्यात थेट गाठीच उजळून दिसल्या.

इथून पुढची कल्पना स्वाभाविक होती. पाकिटावरचा पत्ता अचूक असेल, तर आत जास्त मारक काहीतरी भरून पाठवता येईल. आधी इंडियम वापरून पाहिलं, मग इट्रियम-90, आणि 2000 साली रॉटरडॅममध्ये ल्युटेशियम-177. ल्युटेशियमचे बीटा कण ऊतींमध्ये जेमतेम दोन मिलिमीटर जातात, म्हणजे मारा बराचसा गाठीपुरता राहतो. सोबत निघणाऱ्या गॅमा किरणांमुळे औषध कुठे बसलं तेही कॅमेऱ्यात दिसतं.

हा रेणू मूत्रपिंडंही शोषून घेतात, ही मोठी अडचण. म्हणून औषधासोबत लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं काही तास शिरेतून देतात. मूत्रपिंडं ती उचलण्यात गुंततात आणि किरणोत्सर्गी रेणू बराचसा निसटून जातो. रुग्णाला होणारी मळमळ पुष्कळदा या अमिनो आम्लांचीच असते. तरीही अपाय झाले. बाझेलच्या गटाने 2011 साली इट्रियम दिलेल्या 1,109 रुग्णांचा आढावा छापला, त्यात 103 जणांच्या मूत्रपिंडांना गंभीर, कायमची इजा झाल्याचं स्वच्छ लिहिलेलं आहे. रोझारितोहून असा एक आकडा तरी आला असता!

रॉटरडॅमचाही हिशेब उघडा होता. 2008 साली त्यांनी पोट आणि स्वादुपिंडाच्या अशा गाठी असलेल्या 310 रुग्णांची माहिती दिली. गाठी पूर्णपणे दिसेनाशा झालेले 2 टक्के, बऱ्यापैकी आक्रसलेले 28 टक्के. शिवाय आधी स्कॅन करायचा आणि गाठ औषध पुरेसं उचलत नसेल तर उपचार द्यायचा नाही, हा दंडक होता. पैसे मोजायला तयार असलेल्या माणसालाही ‘तुम्हाला याचा उपयोग नाही’ असं सांगणारं केंद्र, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण. पैसे घेतले म्हणजे फसवणूक, असं समीकरण मांडता येत नाही. पैसे तर दोन्हीकडे मोजावे लागत होते.

नव्या जोडप्यासाठी या उपचाराचा एक पैलू फार अवघड आहे. औषध दिल्यावर काही काळ रुग्णाच्या शरीरातूनच किरण बाहेर पडत असतात. ल्युटेशियम-177 निम्मं व्हायला साधारण साडेसहा दिवस लागतात, मात्र गाठीत न अडकलेला भाग लघवीवाटे लवकर बाहेर पडतो. त्यामुळे सुरुवातीला रुग्णालयात वेगळी खोली, नंतर काही दिवस वेगळं अंथरूण, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर. विमानतळावर किरणोत्सर्ग टिपणारी यंत्रं वाजू शकतात, म्हणून परतताना डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवायचं. ज्या माणसाचा हात धरून इतक्या लांब आलो, त्याच्यापासूनच नेमक्या त्या रात्री दूर राहायचं. आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने हे चार वेळा. कोणत्याही शोधनिबंधात या रात्रींचा रकाना नसतो.

या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळायला इतका वेळ का लागला? अनुभव हजारो रुग्णांचा होता, पण तुलना नव्हती. न्यूरोएंडोक्राइन गाठी कधी कधी आपणहून संथ वाढतात, तेव्हा गाठ थांबली ती औषधाने की स्वभावाने, हे कसं ठरवणार? त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटून चाचणी करावी लागते, आणि तिचा खर्च एका रुग्णालयाला पेलत नाही. ‘नेटर-1’ ही तशी चाचणी 229 रुग्णांवर झाली. विसाव्या महिन्यात आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ल्युटेशियम गटात 65.2 टक्के होतं, तर ऑक्ट्रिओटाइडचा वाढीव डोस घेणाऱ्यांत 10.8 टक्के. 26 जानेवारी 2018 रोजी अमेरिकेने मान्यता दिली. आयुष्य किती वाढलं याचा अंतिम हिशेब 2021 साली आला. मध्यक 48 महिने, विरुद्ध 36.3. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तुलनेच्या गटातल्या अनेकांनी पुढे हाच उपचार घेतला होता, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. पण तोही निकाल छापला गेला.

हे सगळं वाचून कुणी मराठी कुटुंब युरोपची तिकिटं पाहू लागेल, म्हणून सांगायला हवं. तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत ल्युटेशियम-177 तयार होतं, आणि परळला जेरबाई वाडिया रस्त्यावर टाटा मेमोरियलच्या अ‍ॅनेक्समध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. अमेरिकेच्या मान्यतेच्या कितीतरी वर्षं आधीपासून तिथे हा उपचार दिला जातो आहे.

उपचार परळला घ्या की परदेशात, नवविवाहितांनी एक चौकशी आधी करायची. चार डोसांनी बीजांडकोश आणि वृषणांपर्यंत जाणारा किरणोत्सर्ग तात्पुरतं किंवा कायमचं वंध्यत्व आणू शकतो, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. शेवटच्या डोसनंतर स्त्रीने सात महिने आणि पुरुषाने चार महिने गर्भधारणा टाळायची, असंही तिथे लिहिलेलं आहे. शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवण्याचा मार्ग आहे, पण तो पहिल्या डोसच्या आधी. सासू-सासरे, आई-वडील खोलीत असताना हा विषय निघत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे दोघांपुरती वेगळी वेळ मागून घ्यावी.