शेणखत मुरलेलंच हवं

पुण्यात बंगल्याच्या आवारात खणलं की माती कमी, मुरूम आणि बांधकामाचा राडारोडाच जास्त निघतो. नाहीतर चिकट काळी. भाजीच्या वाफ्यासाठी दोन्हींना चांगलं कुजलेलं शेणखत हवं. मूठभर हातात घ्या: काळसर, भुसभुशीत, शेणाचा वास नाही, आत ऊब नाही, म्हणजे तयार. कच्चं शेण घातलंत तर कुजताना उष्णता निघून कोवळी मुळं करपतात, तण माजतं आणि हुमणीच्या अळ्या फुकटात घरी येतात.

मे महिन्यात वाफा वीतभर खणून उन्हात तापू द्या. हेक्टरी २० ते २५ टन म्हणजे चौरस मीटरला दोन-अडीच किलो खत. ते पावसाआधीच मिसळा. ओल्या काळ्या मातीला मात्र कुदळ लावू नका, ढेकळं वाळून दगड होतात.