वरून जोडलेलं चिलखत

नळदुर्गजवळ सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत एक फॅब्रिकेशनचं शेड आहे. ते चालवणारे गृहस्थ फौजेत रणगाड्यांच्या दुरुस्तीवर होते. गावात त्यांना सगळे मेजर म्हणतात, मीही तेच म्हणतो. मी गेलो तेव्हा शेडसमोर जेसीबीचं बकेट उलटं पडलं होतं. मुरूम उपसून त्याचा तळ पातळ झाला होता आणि त्यावर नव्या पट्ट्या चढवायच्या होत्या. रणगाड्याला वरून पत्रा जोडला तर तो किती वाचतो, हा माझा प्रश्न. मेजरांनी बोलण्याआधी माझ्या हातात कानस दिली.

"आधी ह्या साध्या पत्र्यावर मारा."

कानस लगेच चावली, राखाडी चुरा बोटांना लागला. मग त्यांनी बकेटची पट्टी पुढे केली. ते पाणी देऊन कडक केलेलं पोलाद. कानस त्यावरून घसरायला लागली. सगळा जोर लावला तेव्हा कुठं दोन-चार चकचकीत ओरखडे उठले. तीच पट्टी त्यांनी बकेटला लावली, गॉगल चढवला आणि कडेनं टाका मारत गेले. लोखंड निवल्यावर टाक्यालगत निळसर-तपकिरी पट्टा उमटलेला दिसत होता. "आता हितं मारा." तिथं कानस मघापेक्षा सहज चावली.

"उष्णतेनं पाणी उतरतंय," मेजर म्हणाले. "बकेटला चालतंय. माणसं आत बसणार असतील तर ह्याच रेषेवर गोळी लागली म्हणजे? लोकांना नुसती जाडी दिसती. पत्रा कुठला, टाका कसा, मागं जागा किती, कुणी इचारत न्हाई."

मग वजनाचा हिशोब निघाला. 10 एमएम जाडीच्या एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचं वजन साडेअठ्ठ्याहत्तर किलो. जीपसारख्या गाडीच्या दोन्ही बाजू, पाठ आणि तळ मिळून आठ चौरस मीटर धरले, तर सव्वासहाशे किलोंच्या वर भार चढतो, तोही माणसं आणि दारूगोळा सोडून. कमानपाटे बसतात, ब्रेक उशिरा लागतो, वळणावर गाडी कलंडायला बघते. गोळीपासून वाचवायला लावलेला पत्रा घाटात जीव घेऊ शकतो. पत्र्याच्या कामात मला हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते: संरक्षणाची किंमत गाडीच्या चालण्यातून वसूल होते.

आमच्या भागात तर जमीनही हिशोब मागते. 13 सप्टेंबर 1948 रोजी पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं, ते याच रस्त्यानं. भारतीय चिलखती दलाकडे तेव्हा शेर्मन आणि स्टुअर्ट रणगाडे होते. शेर्मनचं वजनच तीस टनांच्या आसपास. पावसाळ्याच्या अखेरीला आपली काळी रानं कशी असतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. बैलगाडी रुतते तिथं तीस टनांचं काय? म्हणजे पक्का रस्ता आणि बोरी नदीवरचा पूल, एवढ्यावरच सगळं अवलंबून. निजामाच्या बाजूनं पूल उडवायचं काम सोपवलेला एक ब्रिटिश माणूस नळदुर्गला पकडला गेला आणि भारतीय सैन्याच्या सातव्या ब्रिगेडनं पूल शाबूत ताब्यात घेतला. सकाळी नऊला चिलखती तुकडी जळकोटात होती, दुपारी सव्वातीनला उमरग्यात. दुसरी तुकडी तुळजापूर घेऊन लोहाऱ्याकडे निघाली, पण पूर आलेल्या नदीनं तिला अडवलं. त्या दिवशी रणगाड्यांना जाड पत्र्यापेक्षा वेगानं आणि न उडालेल्या पुलानं जास्त राखलं, असं माझं मत आहे.

त्याच शेर्मनवर युरोपात चार वर्षं आधी वाळूची पोती चढली होती. शेर्मनच्या बाजूचं पोलाद 38 एमएमचं, आणि जर्मन शिपायाच्या हातातलं पांझरफाउस्ट हे रणगाडाविरोधी अस्त्र दोनशे एमएमच्या आसपास पोलाद भेदायचं. अमेरिकन शिपायांनी लोखंडी चौकटी वेल्ड करून त्यांत पोती रचली, जादा पट्ट्याच्या कड्या टांगल्या, काहींनी काँक्रीट ओतलं. जनरल पॅटन यांनी आपल्या तिसऱ्या सैन्यात पोत्यांना मनाई केली. पोती तो मारा थोपवत नाहीत आणि इंजिन-सस्पेन्शनवर फुकट ताण येतो, असं त्यांच्या तांत्रिक अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. त्याऐवजी निकामी झालेल्या रणगाड्यांचं खरं चिलखती पोलाद कापून चांगल्या रणगाड्यांवर जोडायला त्यांनी परवानगी दिली. मेजरांच्या कानसेनं दाखवलेला फरक तोच. तरी पोती रचणाऱ्या त्या पोरांना मी वेड्यात काढणार नाही. शेजारचा रणगाडा आतल्या माणसांसकट जळताना ज्यानं पाहिला, तो हाताला लागेल ते चढवणारच.

पोतं का कमी पडतं, हे मेजरांनी मातीवर काडीनं रेघा ओढून समजावलं. अशा अस्त्राच्या आत तांब्याचा पोकळ शंकू असतो, त्याच्या मागं स्फोटक. स्फोट झाला की शंकू आत दबून तांब्याची बारीक धार सुटते. तिचं टोक सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं धावतं. हातभर वाळू त्या धारेला फार वेळ अडवत नाही. उलट धार नीट तयार व्हायला थोडं अंतर लागतं, आणि कधी कधी पोतंच ते अंतर मिळवून देतं.

गजांचा पिंजरा वेगळ्या युक्तीनं काम करतो. दोन गजांमधली फट रॉकेटच्या जाडीपेक्षा कमी ठेवायची. आरपीजी-7 चं नाक फटीत घुसलं आणि अंग अडकलं, की शंकू चेपतो किंवा नाकापासून मागं जाणारी विजेची जोडणी बिघडते आणि स्फोट नीट होत नाही. नाक थेट गजावर आपटलं तर मात्र रॉकेट फुटतंच. म्हणजे प्रत्येक माऱ्याला नशिबाचा भाग राहतो, आणि युक्ती त्या एका जातीच्या अस्त्रापुरतीच. युक्रेनच्या युद्धात रशियन रणगाड्यांवर जाळीची छपरं दिसली. जॅव्हेलिन क्षेपणास्त्रापुढे ती टिकली नाहीत. पुढे स्वस्त ड्रोन आले तेव्हा जाळीला थोडा उपयोग सापडला. मग काहींनी अख्खा रणगाडा पत्र्यानं झाकला, पण त्यात तोफ फिरेना आणि आतल्यांना बाहेरचं दिसेना.

विचार करून जोडलेलं चिलखत म्हणजे पुण्याच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेनं टी-72 साठी विकसित केलेल्या स्फोटक विटा. दोन पत्र्यांमध्ये स्फोटक, धार आली की वीट फुटते आणि पत्रे धारेला आडवे फेकले जातात. पण त्या धक्क्याला मागं जाड पोलाद लागतं. पातळ गाडीवर तीच वीट आतल्यांच्या जिवावर उठेल.

महाराष्ट्रात हा प्रश्न खरा जाळतो तो गडचिरोलीत. तिथं मारा खालून येतो. 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि गाडीचा चालक मारले गेले. त्याआधी नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, पथक तिकडे निघालं होतं, तेही खासगी गाडीतून. तिला चिलखत नव्हतंच. अशा गाडीच्या सपाट तळाला पत्रा जोडून काय होतं? सुरुंगाचा दाब तळावर पुरा बसतो, गाडी वर फेकली जाते आणि नीट न बसवलेला पत्रा स्वतःच तुकडे होऊन आत येतो.

सुरुंगावरचा उतारा आफ्रिकेत 1970 च्या दशकात सापडला. ऱ्होडेशियात आधी गाड्यांच्या तळाशी वाळूची पोती टाकली, टायरांत पाणी भरलं. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या टायरात वजनासाठी भरतात तसंच, पण तिथं स्फोटाचा जोर खायला. इथं पोत्यानं जीव वाचवले, कारण सुरुंगाची लाट म्हणजे तांब्याची बारीक धार नव्हे. मग गाडीचा तळच इंग्रजी व्ही अक्षरासारखा केला, म्हणजे लाट दोन्ही बाजूंना फाकते. आपल्या सुरुंगरोधक गाड्यांचा तळ तसाच आहे. तरीही सप्टेंबर 2005 मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात अशीच गाडी उडाली आणि 24 जवान गेले. सुरुंगात स्फोटक वाढवत नेलं तर त्याला पुरी पडेल अशी गाडी नाही.

म्हणून नक्षल भागात जवान पायी चालतात, मोटारसायकलवर अंतर ठेवून जातात, रस्ता तपासणारं पथक पुढे पाठवून मोऱ्या वाकून बघतात. हे काम सावकाश आणि कंटाळवाणं आहे. घाईच्या दिवशी पहिलं तेच सुटतं. पत्रा कितीही जोडा, त्या मोरीत वाकून बघणाऱ्या माणसाला वेळ द्यायची जबाबदारी हुकूम देणाऱ्यावर राहते, आणि जांभुळखेड्यानंतर तरी कुणाही जवानाला बिनचिलखती भाड्याच्या गाडीत बसवून स्फोटकांच्या रस्त्यावर धाडता कामा नये.