केशपरीक्षेचा अहवाल आणि आपली चिकित्सा

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या आम्हा वैद्यांपुढे अधूनमधून एक छापील अहवाल येतो. रुग्णाच्या केसांत शिसे, पारा, आर्सेनिक किती, याचे रंगीत आलेख त्यात असतात. "डॉक्टरसाहेब, हे तुमच्या भस्मांमुळे का?" हा प्रश्न पाठोपाठ येतोच. उत्तर देण्यापूर्वी त्या आलेखाचे मोल जोखणे अगत्याचे आहे.

केश हा अस्थिधातूचा मल, हे आपण जाणतो. शिसेही मुख्यतः अस्थींतच साठते. त्यामुळे केसांतील शिसे तेवढेच शरीरातील शिसे, असे समीकरण मांडण्याचा मोह आम्हांसही झाला होता. तो टिकला नाही. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकाच निरोगी व्यक्तीचे केस अमेरिकेतील सहा प्रयोगशाळांकडे पाठविले होते. 12 खनिजांच्या बाबतीत सर्वाधिक व सर्वांत कमी आकड्यांत दहापटींहून अधिक तफावत निघाली!

दुसरी अडचण आपल्या अंगणातलीच. भोसरीत सोल्डरिंगचे वा बॅटरीचे काम करणाऱ्याच्या केसांवर कारखान्यातील धूळ बसते. ती धुऊनही पूर्णतः निघत नाही, आणि आतून आलेले शिसे कोणते, बाहेरून चिकटलेले कोणते, याचा निवाडा यंत्र करीत नाही. मत्स्याहारातून येणाऱ्या मिथाइल पाऱ्यासाठी केशपरीक्षा उपयुक्त मानली जाते, हे खरे. पण रसौषधींतील पारा त्या जातीचा नव्हे. त्यासाठी मूत्र तपासावे, आणि शिशासाठी शिरेतून काढलेले रक्त. रक्तातील शिसे प्रामुख्याने अलीकडचा संपर्क सांगते. म्हणून रुग्णाचा व्यवसाय, काम सोडल्याची तारीख व औषध घेतल्याचा काळ टिपून ठेवावा.

औषधनिर्मात्या बंधूंनीही "आमच्या ग्राहकांचे केस निर्दोष" अशी जाहिरात करू नये. 2004 साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय औषधांपैकी 14 औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले, तेव्हा तपासली गेली होती ती औषधेच. प्रत्येक बॅचचा धातुपरीक्षण अहवाल हाच आपला खरा पुरावा होय.

रक्तातील शिसे खरोखरच वाढलेले निघाले, तर संकोच न करता संशयित औषध थांबवावे, उरलेले औषध बॅच क्रमांकासह प्रयोगशाळेकडे पाठवावे व रुग्णास विषबाधेच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे. रुग्ण शिशाचे काम करणारा असल्यास घरातील लहान मुलांचेही रक्त तपासावयास सांगावे. कामाच्या कपड्यांवरून शिसे घरी येते.