भोपाळच्या जमिनीखाली काय उरलंय?

१ जानेवारी २०२५च्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइड कंपनीच्या बंद कारखान्यातून बारा कंटेनर मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरकडे रवाना झाले. आत ३३७ टन विषारी कचरा होता. जूनअखेर तो तिथे जाळून झाला आणि भोपाळचा प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटलं. पण हा माल गोदामात बांधून ठेवलेला होता. जमिनीत मुरलेलं विष बहुतांशी तसंच राहिलं.

विषारी वायूच्या गळतीने घडलेल्या १९८४च्या वायुकांडाआधीपासूनच हा कारखाना आपला कचरा आवारातल्या खड्ड्यांत टाकत होता. १९७७पासून सांडपाणी उघड्या तळ्यांत वाळवलं जाई. पुढे आसपासच्या वस्त्यांतल्या हातपंपांचं पाणी दूषित निघालं.

गाडलेला कचरा शोधायचा कसा? जुने नकाशे आणि कामगारांच्या आठवणी हा पहिला धागा. त्यानंतर जमिनीत वीज सोडून मातीचा विद्युतरोध मोजतात. क्षार, रसायनं मुरलेल्या ओल्या मातीतून वीज सहज वाहते, त्यामुळे संशयित जागा कळते. खात्री मात्र बोअर घेऊन, नमुने तपासूनच होते. नागपूरची ‘नीरी’ आणि हैदराबादची ‘एनजीआरआय’ या संशोधन संस्थांनी २०१०मध्ये भोपाळच्या या आवारातल्या दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन दिला.

कुठल्याही जुन्या कारखान्याच्या जागी गंजलेली पिंपं दिसली, मातीला उग्र वास आला किंवा विहिरीच्या पाण्याचा रंग पालटला, तर स्वतः उकरू नये. फोटो, तारीख आणि नेमकी जागा नोंदवून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी.